सोलापुरात सिनेमाच्या पार्श्वसंगीताची बैठक कशी बसवायची

सिनेमाची गाणी ऐकणारे सोलापुरात घरोघरी आहेत. पण पडद्यावर कोणी बोलत नसताना, दार हळूच उघडताना, फाट्यावरून एसटी सुटताना मागे जे वाजत असतं, त्याच्यावर जीव टाकणारी माणसं सहसा एकेकटी असतात. रात्री हेडफोन लावून ऐकतात आणि कोणाला ऐकवायला गेलं की समोरचा दोन मिनिटांनी विचारतो, "गाणं कधी सुरू होणार ओ?" हा लेख अशा एकेकट्यांसाठी आहे. पाच-सात जणांनी एका खोलीत बसून आपापल्या आवडीचे तुकडे एकमेकांना ऐकवायचे, एवढाच बेत. ना तिकीट, ना सत्कार, ना शाल-श्रीफळ. तरी पहिल्यांदा बसवताना गोंधळ होतोच, म्हणून क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुकडा वाजवण्याआधी सिनेमाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की लोक ऐकायचं सोडून आठवू लागतात. 'शोले' म्हटलं की कानावर सूर पडायच्या आत डोळ्यांपुढे गब्बर उभा राहतो, मग पुढची तीन मिनिटं तुम्ही काय वाजवलं याला काही अर्थ उरत नाही. नाव मागाहून. हा नियम पाळला तर स्वस्तातल्या स्पीकरवरही बैठक रंगते. मोडला तर लाखाची सिस्टीम आणूनही गप्पा हिरो-हिरोइनींवर जातात.

लागणारं सामान

- जोडीचे दोन स्पीकर. एकच मोठा डबा नको.
- फोन किंवा लॅपटॉप, आणि त्याला स्पीकरशी जोडणारी वायर
- वाजवायचे तुकडे आधीच डाउनलोड करून ठेवलेले
- तीन-चार सोलापुरी चादरी, शक्यतो जुन्या आणि जाड
- एक वही, प्रत्येकाला एक पेन, पाठकोरे कागद
- पाण्याचा तांब्या आणि स्टीलचे पेले. खुळखुळणारे काचेचे ग्लास नकोत.
- लाइट गेली तर म्हणून बॅटरीवर चालणारा एखादा छोटा स्पीकर

१. माणसं गोळा करा

पाच ते आठ. चारच्या खाली गप्पा पेटत नाहीत, आठच्या वर गेलं की मागच्या दोघांचं वेगळंच काहीतरी सुरू होतं. जाणकारच हवेत असं नाही. उलट सगळं माहीत असलेला एकच माणूस पुरे, दोन असले तर त्यांची जुगलबंदी होते आणि बाकीचे मोबाइल काढतात.

आपल्या गावाचा एक फायदा मात्र सोडू नका. इथे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात. गाण्याच्या मैफलीत भाषा कुठेतरी आडवी येते, पार्श्वसंगीतात तो प्रश्नच नाही. पूर्व भागातला एखादा तेलुगू घरातला मित्र बोलवा. तेलुगू सिनेमाचे चाहते याला सरळ 'बीजीएम' म्हणतात आणि हिरोच्या एन्ट्रीचं बीजीएम त्यांना तोंडपाठ असतं. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा कोणी असेल तर त्यालाही घ्या. 'मालगुडी डेज'ची ती गुणगुणणारी सुरावट एल. वैद्यनाथन यांची. दूरदर्शनवर ती ऐकत वाढलेल्या माणसाला ती दोन सुरांत ओळखू येते, मग तो कुठल्याही भाषेचा असो.

शिवाय प्रत्यक्ष वाद्य वाजवणारा एक जण मिळवा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारी माणसं आपल्याकडे आहेत, पण त्यांना असल्या बैठकीला कोणी बोलवत नाही. श्वास कुठे घेतला, सूर कुठे दाबून काढला, हे त्यांना चटकन कळतं. तुम्ही-आम्ही 'काय भारी वाजवलंय' म्हणून थांबतो. ते सांगतात की हे एका दमात वाजलेलं नाही, मध्ये जोड आहे.

२. जागा आणि वेळ

घरातली खोली सगळ्यात बरी. दहा बाय बाराची चालते. पण घर कुठे आहे ते पाहा. अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ अशा भागात शेजारी यंत्रमाग असेल तर त्याची खटखट भिंतीतून येते, आणि ती खालच्या पट्टीतली असल्यामुळे खिडक्या लावून थांबत नाही. अशा घरात बैठक ठेवायची तर माग कधी बंद असतात ते आधी विचारून घ्या. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या नव्या वस्त्यांत वेगळीच गंमत असते: खोली शांत, पण फरशी, पीओपी आणि कोऱ्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमतो.

खोलीची परीक्षा सोपी आहे. मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'झ्यँ' असा शेपटासारखा आवाज आला तर ती खोली व्हायोलिनचा चोथा करणार. इथे चादरी कामाला येतात. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या पाठीमागे, दोन चादरी दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. एक खाली जमिनीवर अंथरा. पुन्हा टाळी वाजवून बघा. टर्किश टॉवेल असतील तर तेही चालतात, या गावात त्यांना काय तोटा. मात्र चादर फक्त वरच्या पट्टीतला किणकिणाट शोषते. बाहेरची खटखट किंवा डीजेचा धमाका चादरीने थांबेल अशी आशा ठेवू नका, ते काम फक्त जाड भिंत आणि अंतर करतं.

उन्हाळा ही खरी अडचण. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंखा फुल्ल असला की हळू वाजणारं सगळं वाऱ्यात जातं. कूलरचं तर नावच नको. उन्हाळ्यात बैठक ठेवायची असेल तर गच्चीवर रात्री साडेआठनंतर ठेवा आणि बारीक, नाजूक तुकडे पावसाळ्यासाठी राखून ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर त्या दिवसांत पाळण्यांचे भोंगे आणि तुमचा ऑर्केस्ट्रा एकत्र ऐकावा लागेल. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून गड्ड्याला जावं आणि बैठक पुढच्या महिन्यात घ्यावी. मिरवणुकांच्या दिवशीही नकोच.

वेळ रात्री आठ ते दहा. दहानंतर आवाज बंद, हे कायद्याचंही आहे आणि शेजारधर्माचंही.

३. यंत्रं जोडताना

दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर प्रत्येक स्पीकरपासून ऐकणाऱ्यापर्यंत, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवेत, टीपॉयवर पुस्तकं रचून भागतं. कोपऱ्यात घुसवू नका, ढोलासारखा ढब आवाज येतो. सगळ्यांना मधली जागा मिळणार नाही, म्हणून प्रत्येक दोन तुकड्यांनंतर जागा बदला.

ब्लूटूथ टाळा. त्यात आवाज दाबून पाठवला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐन रंगात कोणाचा तरी फोन त्या स्पीकरला आपोआप जोडला जातो. साध्या वायरीला हा आजार नाही.

आता फोनच्या आतल्या गोष्टी. या पायरीवर सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून एकेक करून तपासा:

- ऑटोप्ले बंद. नाहीतर पाश्चात्त्य चित्रपटाची करुण धून संपताक्षणी आयटम साँग सुरू होतं.
- क्रॉसफेड बंद. हे चालू असलं की एक तुकडा संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. पार्श्वसंगीतात शेवटचा विरत जाणारा सूर हाच कित्येकदा सगळा खेळ असतो.
- आवाज सारखा करणारी 'नॉर्मलाइज'ची सोय बंद, इक्वलायझर सपाट, 'बास बूस्ट' बंद.
- डाउनलोडचा दर्जा सगळ्यात वरचा.
- फोन फ्लाइट मोडवर.

फुकटच्या अॅपवर थेट वाजवू नका. जाहिरात कुठे घुसेल याचा नेम नाही, आणि एकदा बनियनची जाहिरात मध्ये आली की पुन्हा कोणाचं मन लागत नाही.

आवाज किती ठेवायचा? त्या दिवशीच्या यादीतला सगळ्यात मोठा तुकडा आधी लावा, तो सहन होईल इथे बटण ठेवा आणि मग बैठकभर हात लावू नका. हळू भागाला आवाज वाढवायचा मोह होतो. पण हळू भाग हळूच ऐकायचा असतो, आणि वाढवून ठेवलेला आवाज पुढच्या वळणावर कानठळ्या बसवतो.

४. नेमका तुकडा शोधणं

सिनेमाचं नाव टाकून शोधलं की समोर येतात ती गाणी. हिंदी, मराठी, तेलुगू सगळ्यांत हेच. 'साउंडट्रॅक' नावाचा अल्बम आपल्याकडे बहुतेक वेळा गाण्यांचाच असतो. पार्श्वसंगीताचा अल्बम वेगळा निघाला असेल तर त्याच्या नावात 'बॅकग्राउंड स्कोअर', 'ओरिजिनल स्कोअर' किंवा 'थीम' असं काहीतरी असतं, ते जोडून शोधा. तो निघालाच नसेल तर मूळ सिनेमातूनच ऐकायचा, संवादांसकट. त्यात कमीपणा नाही.

दुसरा सापळा नक्कलेचा. 'एपिक व्हर्जन', 'स्लोड', 'दहा तास', 'पियानो कव्हर' अशी शेपटं लागलेलं काहीही घेऊ नका. याहून फसवं असतं ते नव्याने वाजवलेलं ध्वनिमुद्रण. सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकसारख्या वाद्यवृंदांनी कितीतरी गाजलेलं चित्रपट संगीत पुन्हा वाजवून अल्बम काढले आहेत. वाईट नसतात, पण जे थिएटरात ऐकलं ते हे नव्हे. कलाकाराच्या जागी संगीतकाराऐवजी वाद्यवृंदाचंच नाव असेल तर थांबून तपासा.

तिसरा घोळ नावांचा. 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू'साठी २०२३ साली ऑस्कर मिळालेले एम. एम. कीरवाणी हिंदीत एम. एम. क्रीम या नावाने आणि तमिळमध्ये मरगतमणी या नावाने काम करत आले. एका नावाने शोधलं तर निम्मं काम दिसतच नाही.

आणि गाण्यांचा संगीतकार तोच पार्श्वसंगीताचा, असं गृहीत धरू नका. 'सत्या'ची (१९९८) गाणी विशाल भारद्वाज यांची, पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचं. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. त्याच्या प्रसिद्धीसाठीचं गाजलेलं गाणं अजय-अतुल यांचं, पण सिनेमाभर जे वाजतं ते अलोकनंदा दासगुप्ता यांचं. बैठकीत या एका गोष्टीवर पैजा लागतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनीही हा फरक उशिरा मानला. १९९४ च्या चित्रपटांसाठी एकदाच पार्श्वसंगीताचा वेगळा पुरस्कार दिला गेला, मग २००९ च्या चित्रपटांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत यांना वेगवेगळे पुरस्कार पुन्हा सुरू झाले आणि त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मान 'पळसी राजा' या मल्याळम चित्रपटासाठी इळयराजा यांना मिळाला.

५. पहिल्या बैठकीची यादी

एकूण संगीत चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या वर नको. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन तास ऑर्केस्ट्रा ऐकवणं म्हणजे पाहुण्याच्या पहिल्याच घासाला शेंगाचटणीची अख्खी वाटी ओतणं. सहा तुकडे पुरतात. मी पुढच्यासारखी यादी सुचवेन, अर्थात यातला अर्धा भाग तुम्ही बदलणारच.

सुरुवात 'बॉम्बे'च्या (१९९५) थीमने करा. ए. आर. रहमान यांची रचना, बासरी नवीन कुमार यांची. गाणं नसतानाही मन धरून ठेवता येतं हे नवख्याला पटवायला याहून सोपा तुकडा नाही. बासरीनंतर तंतुवाद्यं कधी खालून उचलून धरतात, तिथे लक्ष द्यायला सांगा.

दुसरा तुकडा एकदम उलट: 'सायको' (१९६०). बर्नार्ड हरमन यांनी त्यात फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना तुतारी, ना बासरी. काळ्या-पांढऱ्या चित्राला आवाजही तसाच एकरंगी हवा, असा त्यांचा विचार होता. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीतच नको होतं. हरमन यांनी तरी लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं. हे सगळं मागाहून सांगा. आधी नुसती ती किंचाळणारी व्हायोलिनं ऐकवा आणि कोणती वाद्यं आहेत ते विचारा. हमखास कोणीतरी 'पक्षी' किंवा 'सायरन' म्हणतं.

तिसरा आणि चौथा तुकडा जोडीने. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. आधी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) मधली माउथ ऑर्गनची धून, एन्नियो मोरिकोने यांची. लगेच पाठोपाठ 'शोले' (१९७५) मधली जयच्या माउथ ऑर्गनची धून, आर. डी. बर्मन यांची, वाजवणारे भानू गुप्ता. वाद्य एकच. पहिल्यात ते जखमेसारखं ठसठसतं, सूर एकमेकांना घासतात, ऐकताना दात आंबतात. दुसऱ्यात तेच वाद्य संध्याकाळी हवेलीतल्या दिव्यांकडे बघत बसतं. नावं न सांगता दोन्ही ऐकवा आणि एवढंच विचारा: "वाजवणारा माणूस कोणाची वाट बघतोय?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. नंतर सांगा की मोरिकोने यांचं संगीत चित्रीकरणाच्या आधीच तयार होतं आणि दिग्दर्शक सेर्जिओ लिओने ते सेटवर वाजवून नटांकडून कामं करून घेत. सिनेमा आधी, संगीत मागून, हा आपला समज तिथेच ढिला होतो.

पाचवा 'जॉज' (१९७५), जॉन विल्यम्स. दोन सूर. बस, दोनच, आणि त्यांच्यातलं अंतर कमी-कमी होत जातं. छोट्या स्पीकरवर खालचे सूर नीट उतरत नाहीत, तेव्हा तुमची सिस्टीम बारकी असेल तर हा वगळा.

सहाव्या जागी तेलुगू मित्राची निवड. त्याला आधीच सांगून ठेवा. त्याला सुचलं नाही तर इळयराजा यांचा 'सागर संगमम' (१९८३) पुढे करा. त्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि नाच हाच ज्याचा विषय, अशा त्या सिनेमात पावलं थांबतात तिथे संगीत काय करतं, हे ऐकण्यासारखं आहे.

'सैराट' (२०१६) यादीत का नाही, असं विचाराल. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये सोनीच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि सिनेमा तर आपल्याच मातीतला. म्हणूनच पहिल्या बैठकीला नको. पहिले चार सूर वाजले की सगळे नाचायला उठतात, आणि उठलेली माणसं पुन्हा बसत नाहीत. त्याच्यासाठी दुसरी बैठक ठेवा.

६. बैठक चालवायची कशी

प्रत्येक तुकड्याला हाच क्रम:

अ) यजमान काही न बोलता तुकडा लावतो. दिवे मंद. फोन दाराबाहेरच्या टोपलीत.

आ) संपल्यावर अर्धा मिनिट शांतता. कोणी तोंड उघडलं तर नुसता हात वर करायचा.

इ) प्रत्येक जण कागदावर दोन ओळी लिहितो: काय दिसलं, कोणतं वाद्य लक्षात राहिलं. शुद्धलेखन कोणी तपासत नाही.

ई) कागद वाचायचे. मग निवडणारा सिनेमाचं नाव, साल, संगीतकार आणि प्रसंग सांगतो. पाच वाक्यांत.

उ) तोच तुकडा दुसऱ्यांदा.

दुसऱ्यांदा ऐकणं कंटाळवाणं वाटेल म्हणून लोक ते गाळतात. गाळू नका. पहिल्या वेळी अंगावर येतं, दुसऱ्या वेळी कळतं.

'भारी', 'कडक', 'अंगावर काटा' या तिन्ही शब्दांवर आमच्याकडे बंदी आहे. कोणी म्हटलंच तर पुढच्या वेळचा चहा त्याच्याकडे. त्याऐवजी नेमके प्रश्न टाका. संगीत कुठे थांबलं? सुरावट पुन्हा आली तेव्हा वाद्य बदललं का? हे संगीत पात्राच्या मनातलं बोलतंय, की पात्राला अजून जे माहीत नाही ते आपल्याला आधी सांगतंय? हा शेवटचा प्रश्न एकदा कानात बसला की टीव्हीवरची मालिकाही वेगळी ऐकू येते, घरच्यांना त्याचा त्रास होतो तो भाग निराळा.

सगळं माहीत असलेल्या माणसाला आवरायचं काम यजमानाचं. त्याला पाटी द्या: 'दुसऱ्यांदा ऐकल्यावर'. त्याच्या गोष्टी खऱ्या असतात, फक्त लवकर येतात.

खाणं शेवटी. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा बेत असेल तर तो दहाला यंत्र बंद झाल्यावरच वाढा. कडक भाकरी मोडण्याच्या आवाजापुढे लंडनचा वाद्यवृंदही टिकत नाही.

७. चित्रासकट एखादी बैठक

तीन-चार बैठका झाल्या की हा प्रयोग करा. एक प्रसंग निवडा, आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवा, मग नुसता आवाज, मग दोन्ही. तीन मिनिटांपेक्षा मोठा प्रसंग नको.

यासाठी 'पथेर पांचाली'सारखं (१९५५) दुसरं नाही. दुर्गा गेली आहे हे हरिहरला माहीत नाही, तो तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतो आणि सर्वजया कोसळते. तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य येतं, पटदीप रागात. संगीत पंडित रविशंकर यांचं. आवाज बंद करून पाहिलं की तोंड उघडलेलं दिसतं, नुसता आवाज ऐकला की गाणं वाटतं, आणि दोन्ही एकत्र आलं की खोलीत कोणी कोणाकडे बघत नाही.

ज्यांना हिंदीच हवं त्यांच्यासाठी एकही गाणं नसलेले सिनेमे आहेत: 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९). दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचं. गाण्यांचं राज्य असलेल्या काळात गाणी काढून टाकल्यावर संगीतकाराच्या हाती काय उरतं, ते इथे ऐका.

आणि पार्श्वसंगीतच नसलेला सिनेमाही एकदा लावा. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) पाहा. त्यात पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही, घरातले, रस्त्यावरचे, घड्याळाचे आवाजच सगळं काम करतात. त्याच बैठकीत 'सैराट'चा शेवट. त्यावर वेगळं बोलायची गरज नाही, सगळ्यांनी पाहिलाय. फक्त आवाज कुठे जातो ते घड्याळ लावून बघा.

८. परवानगी आणि कायदा

घरात मित्रांनी जमून ऐकायला कसलाही परवाना लागत नाही. सभागृह घेऊन लोकांना खुलं आमंत्रण दिलं की मात्र गोष्ट बदलते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये नफ्यासाठी नसलेल्या क्लबाने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याला सूट आहे. तिकीट लावलं, प्रायोजक घेतला, हॉटेलात कार्यक्रम ठेवला तर ती सूट धरून चालू नका, आधी परवान्याची चौकशी करा. आणि ही सूट ध्वनिमुद्रणाची आहे. पूर्ण सिनेमा लोकांना दाखवणं हा वेगळा विषय आहे, त्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते.

आवाजाचे नियम सगळ्यांना सारखे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा.

बैठक वाढून वाचनालयाच्या किंवा एखाद्या संस्थेच्या छोट्या सभागृहात न्यायची असेल तर जवळ ठेवा: संस्थेच्या नावाने साधा अर्ज, दोघांची ओळखपत्रं, कार्यक्रमाची वेळ आणि वाजवायच्या तुकड्यांची यादी, आणि लाऊडस्पीकर वापरणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी. अर्जात 'संगीत रजनी' असं लिहू नका, समोरच्याला ऑर्केस्ट्रा आणि गर्दी दिसते. 'ध्वनिमुद्रित चित्रपट संगीताचं श्रवण, उपस्थिती वीस' असं लिहिलं की प्रश्न कमी येतात. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या वाटेला या कामासाठी जाऊ नये. वीस माणसं तिथे हरवतात.

९. वही

बैठकीची एक वही ठेवाच. रकाने असे: सिनेमा, साल, संगीतकार, अरेंजर किंवा मुख्य वादक, तुकडा कुठून घेतला, किती मिनिटांचा, कोणी निवडला. अरेंजरचा रकाना रिकामा राहील, तरी आखून ठेवा. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, अनिल मोहिले यांच्यासारख्यांनी सुरावटींना वाद्यवृंदाचं अंग दिलं, पण पोस्टरवर त्यांची नावं शोधून सापडत नाहीत. कोणाला एखादं नाव कळलं की तो पुढच्या बैठकीत येऊन लिहितो. शेवटच्या पानावर 'मिळाले नाही' अशी यादी ठेवा: ज्याचा अल्बम निघालाच नाही, जो फक्त सिनेमातच ऐकू येतो, ज्याची कॅसेट कोणाच्या तरी मामाकडे आहे असं म्हणतात. मामांना फोन करायचं काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्या, आणि पुढचा यजमान कोण हे भाकरी संपायच्या आत ठरवून घ्या. घरी गेल्यावर ग्रुपवर विचारलं की कोणी उत्तर देत नाही.